दोन वळचणी

सकाळी साडेसहाला दरी नसते.
असते ती पायरीपर्यंतची फरशी, फरशीवर एक गोगलगाय,
आणि पुढे पांढरं, ज्याला कड नाही.
केरसिंग हातातला कंदील न विझवताच सांगतो,
"मॅडम, डोंगर आज बी गेला."
जणू महूच्या बाजाराला गेलाय,
संध्याकाळच्या टेम्पोनं परत येईल.

अर्धा श्रावण सरला की इथे काही वाळत नाही.
टॉवेल चौथ्या दिवशीही ओले.
बरणीत तांदूळ टाकले तरी मिठाला पाणी सुटतंच.
काडेपेटी सुरलीबाई पोलक्यात ठेवते,
चूल पेटली की परत तिथेच.
इंदूरहून आणलेले माझे पापड
दुसऱ्या दिवशी चामड्यासारखे लवले.
रजिस्टरच्या पानावर शाई पसरते:
कोण कुठून आलं ते वाचता येतं,
कधी जाणार ते पुसट.

खोली नंबर तीन. श्री. पागनीस, स्नेहलतागंज.
मोठा कॅमेरा, त्याची तिपाई,
दरीपायी दोन रात्रींचं आगाऊ भाडं.
पहिल्या दिवशी त्यांनी ढगाकडे
उशिरा आलेल्या कारकुनाकडे पाहावं तसं पाहिलं.
दुसऱ्या दिवशी मला विचारलं,
"हे किती वाजता उघडतं?"

काय सांगणार. सागाखाली नेलं त्यांना.
अळ्यांनी पानातलं हिरवं तेवढं खाल्लंय,
शिरा ठेवल्यात, चाळणीच्या तळासारख्या.
आंब्याच्या फांदीवर रास्ना, जमिनीशी काही देणंघेणं नसलेली.
कळलावी पानांची टोकं कुंपणाला गुंडाळून उभी.
कुठेतरी नवरंग दोन सुरांत बोलला,
मग पुन्हा तेच दोन सूर, थोडे लांबून.
"फोटो येणार नाही," पागनीस म्हणाले.
"नाही," मी म्हटलं.
चपला चिखलात रुतेपर्यंत आम्ही तिथेच.

ह्या घराचं छप्पर डोंगराच्या बरोबर कण्यावर बसलंय.
उत्तरेच्या वळचणीचं पाणी चंबळेला जातं,
दक्षिणेचं चोरलमधून नर्मदेला.
पत्र्यावर वीतभर इकडेतिकडे पडलेले थेंब
दोन वेगळ्या समुद्रांना मिळतात.
पाहुण्यांना हे रोज सांगते, पगारातच धरलंय ते.
सुरलीबाई मात्र डाळ धुतलेलं पाणी
जे दार जवळ, त्या दारातून फेकते.
तिलाही सांगितलं एकदा,
ह्या दारातलं कोट्यावरून जातं, त्या दारातलं भरूचवरून.
"जाऊ दे की," म्हणाली, "आपण कुठं बघायला जातोय."
तिचा थोरला भरूचला गवंड्याच्या हाताखाली आहे,
धाकटा कोट्याला, फरशीच्या खाणीत.
हे मला नंतर आठवलं, भाजी चिरताना.

तिसऱ्या दिवशी निघायच्या आधी
पागनीस चुलीपाशी बसून भुट्ट्याचा कीस खात होते.
कॅमेऱ्याच्या भिंगाला आतून घाम आलेला,
म्हणून तो तांदळाच्या डब्यात.
"आला! आला!" केरसिंग बाहेरून ओरडला.
ते बशीसकट उठले, उंबऱ्याला ठेचकाळले,
मोहरी हिंगासकट शर्टावर.
पोचले तोवर पांढरं होतं.
"कुठे होता? नक्की कुठे?"
केरसिंगनं बोट दाखवलं. पांढऱ्यात.
त्या बोटाच्या दिशेनं ते बराच वेळ बघत राहिले,
बशी हातात, कीस गार.

जाताना शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं:
दृश्य दिसले नाही. किसाला लिंबू हवे होते.
खाली आणखी एक ओळ आहे, तिच्यावर शाई फुटलीय.
"पुन्हा" एवढंच लागतं. येऊ की येणार नाही,
दोन्ही वाचून पाहिलं.

दुपारी सुरलीबाई डाळ धूत होती.
उत्तरेच्या दारात गेली, पातेलं कलंडलं,
अर्ध्यावर थांबली.
उरलेलं पाणी सांभाळत, न हिंदकळू देता,
अख्खं स्वयंपाकघर ओलांडून
ती दक्षिणेच्या दाराशी गेली.

मी बरणीत मीठ शोधत होते.
वर पाहिलं नाही.